तांब्याचे तीन कप, चार बॉल आणि पत्रकात नसलेलं बरंच काही

‘कप अँड बॉल्स’ म्हणजे पालथ्या कपांखाली बॉल गायब होण्याचा आणि प्रकट होण्याचा जादूचा खेळ. त्याचा सेट उघडला की हाती येतं ते असं: तांब्याचे तीन कप, लोकरीने विणलेले चार लाल बॉल, नाडीची मखमली थैली आणि दोन्ही बाजूंनी छापलेलं एक पत्रक. कपांवर कुणाचं नाव नाही. लेथवर पत्रा दाबून घडवलेला हा देशी माल आहे आणि जादूचं सामान विकणाऱ्यांकडे थोड्याफार फरकाने असेच सेट दीड ते अडीच हजारांत मिळतात. निकाल आधीच सांगायचा तर कप उत्तम, बॉल ठीक, थैली शोभेची, पत्रक अपुरं. कप जरूर घ्यावेत. मात्र पत्रक वाचून ‘खेळ आला’ असं वाटलं, तर महिनाभरात हा सेट माळ्यावर जाईल, आणि त्यात कपांचा काही दोष नसेल.

आधी कपांबद्दल, कारण पैसे त्यांचेच आहेत. उंची 74 मिमी, तोंड आतून 69 मिमी, बूड आतून 56 मिमी, वजन प्रत्येकी 150 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पत्रा साधारण 0.8 मिमी जाडीचा आहे. याच आकाराचा, याच जाडीचा ॲल्युमिनियमचा कप जेमतेम 45 ग्रॅम भरतो. हा फरक स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसतो त्याहून हाताला जास्त जाणवतो. हलका कप ठेवताना सरकतो, बाहीचा धक्का लागला की कलंडतो, आणि तो सावरण्यात लक्ष गेलं की हातचलाखीकडे दुर्लक्ष होतं. तांब्याचा कप ठेवला की बसतो. शिवाय खेळाच्या शेवटी निघणारी लिंबासारखी मोठी वस्तू आत असताना आणि नसताना वजनातला फरक हाताच्या हालचालीत उघडा पडतो. कप मुळातच जड असेल तर तो फरक झाकला जातो.

कपाचे तीन भाग नीट बघून घ्यावेत. पहिला भाग बुडाचा खळगा. कप पालथा घातला की बूड वर येतं, त्यावर बॉल ठेवावा लागतो. इथे खळगा 6 मिमी खोल आहे, टेबलाला धक्का बसला तरी बॉल घरंगळत नाही. स्वस्त सेटमध्ये बूड जवळजवळ सपाट असतं आणि बॉल नेमका लोक बघत असताना खाली पडतो. दुसरा भाग तोंडापासून दोन बोटांवर कपाभोवती फिरणारी जाड वळी. वरचा कप खालच्या कपावर घातला की तो या वळीवर टेकतो, त्यामुळे दोन बुडांमध्ये फट राहते. पूर्ण खेळ या फटीत राहतो. इथे फट 26 मिमी आहे आणि बॉल 25 मिमीचा, म्हणजे आत बॉल असला तरी वरचा कप उचलल्यासारखा दिसत नाही. तिसरा भाग तोंडाची गुंडाळलेली कड. ती गोल आणि गुळगुळीत हवी. कापलेला पत्रा तसाच सोडला असेल तर तो तळहाताला लागतो आणि कपडाही ओढतो.

सेट हातात आला की पहिल्याच दिवशी एक चाचणी करावी. एक कप पालथा ठेवा, बुडावर बॉल, त्यावर दुसरा कप. वरचा कप डुगडुगला किंवा वाकडा बसला तर आत बॉल अडकतोय. तीन कपांच्या सहाही जोड्या बघा, कुठला खाली आणि कुठला वर हे बदलून. लेथवर एकेक करून घडवलेल्या कपांत एखाद्या मिमीचा फरक पडतोच. आमच्यापुढच्या सेटमधली एक जोडी जरा घट्ट बसते, एवढी की वरचा कप उचलताना खालचाही सोबत उठतो. त्या दोघांना बुडाच्या आतल्या बाजूला मार्करने ठिपका देऊन ते लागोपाठ येणार नाहीत असा क्रम ठरवला की काम भागतं. पण विक्रेता बदलून देत असेल तर बदलूनच घ्यावा.

एक उणीव मात्र खरी आहे, आणि ती विकत घेताना कुणी सांगत नाही. हे कप आरशासारखे पॉलिश केलेले आहेत. फोटोत ते देखणे दिसतात, पण कपाच्या फुगीर अंगात हाताची आतली बाजू स्पष्ट दिसते. तळहातात बॉल लपवलेला असेल तर समोर बसलेल्याला तो तांब्यात दिसतो. यावर उपाय सोपा आहे: कप वापरा आणि चकाकी जाऊ द्या. दोन-तीन आठवड्यांत हाताच्या घामाने तांबं तपकिरी पडतं आणि प्रतिबिंब विझतं. पितांबरी किंवा चिंच-मीठ लावून दर रविवारी लखलखीत करायचा मोह आवरावा. आणखी चांगला उपाय म्हणजे ठोक्यांचे कप. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर जे मठारकाम करतात, तसे बारीक ठोके कपावर असले की प्रतिबिंब तुकड्या-तुकड्यांत फुटतं. वर ठोक्यांनी तांबं कडकही होतं, त्यामुळे कप पडला तर तोंड सहज चेपत नाही. या सेटचे कप मऊ आहेत. टेबलावरून फरशीवर पडले की तोंड लंबगोल होतं आणि मग ते एकमेकांत अडकायला लागतात. असं झालं तर तोंडात लाटणं घालून आतून हळूहळू फिरवत दाबावं. हातोडी अजिबात लावू नये.

बॉल विणलेले आहेत, आत बुचाचा गाभा आहे. हे बरं आहे, कारण लाकडी किंवा प्लास्टिकचा बॉल कपाच्या कडेला आपटला की ‘टण्’ वाजतं आणि त्या एका आवाजात सगळं कळून जातं. नवे बॉल मात्र गुळगुळीत आहेत, बोटांत धरून ठेवावे लागतात. आठवडाभर तळहातांत चोळले, बोटांवर खेळवले की लोकर थोडी पिंजते आणि पकड येते. ज्याचा हात लहान आहे, विशेषतः बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा, त्याने 20 मिमीचे वेगळे बॉल विणून घ्यावेत. मूठ सैल दिसावी आणि तरी आत बॉल राहावा, हे 25 मिमीच्या बॉलने लहान हाताला जमत नाही. पाचवा बॉल सेटमध्ये नाही. तो असायला हवा होता, कारण एक हमखास हरवतो.

आता पत्रक. त्यात आठ चित्रं आहेत आणि पहिला खेळ आहे, तोच जो या सामानासोबत सगळीकडे शिकवतात. कपांत लपवलेला चौथा बॉल, हेच त्याचं गुपित. हे गुपित फारसं लपूनही राहिलेलं नाही. बॉलची हातचलाखी कशी करतात हे इंग्रज लेखक रेजिनाल्ड स्कॉटने लंडनमध्ये 1584 साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. असे खेळ म्हणजे चेटूक नव्हे, हे लोकांना कळावं म्हणून. त्याच्याही दीड हजार वर्षं आधी रोमचा तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात कप आणि खड्यांच्या खेळाबद्दल लिहितो, की कसं केलं ते कळलं की त्यातली गोडी संपते. सेनेकाशी आम्ही सहमत नाही. पेन आणि टेलर हे अमेरिकन जादूगार जोडीदार हाच खेळ पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यांनी करतात. सगळं डोळ्यांसमोर घडतं, आणि तरी बघणारा मागे पडतो. म्हणजे गुपित उघडं करूनही खेळ उभा राहतो. तो कशावर उभा राहतो, ते पत्रकात नाही.

पत्रकातला खेळ थोडक्यात असा. तिन्ही कप एकात एक, तोंडं वर, डाव्या हातात. सगळ्यात आतल्या कपात तीन बॉल दिसतात, मधल्या कपात चौथा, जो कुणाला माहीत नाही. तीन बॉल टेबलावर ओतायचे. मग खालून एकेक कप ओढून पालथा घालायचा: पहिला एका बाजूला, दुसरा मध्ये, तिसरा दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या कपाबरोबर लपलेला बॉल आपोआप मध्ये पोचतो. मधल्या कपाच्या बुडावर एक बॉल ठेवायचा, बाकीचे दोन कप त्यावर घालायचे, टिचकी मारायची, तिन्ही एकत्र उचलायचे. बॉल कप भेदून खाली आलेला दिसतो. आता वर ठेवलेला बॉल कपांच्या मध्ये अडकलेला आहे, आणि गठ्ठा सरळ केला की तो पुन्हा मधल्या कपातच असतो. म्हणजे सुरुवातीची मांडणी आपोआप तयार झाली. तोच क्रम दुसऱ्या आणि तिसऱ्या बॉलसाठी, फरक एवढाच की मधला कप आता खाली दिसणाऱ्या बॉलवर घालायचा.

क्रम दहा मिनिटांत पाठ होतो. हाताला बसायला तीन आठवडे लागतात, आणि सगळी अडचण एका जागी आहे: मधला कप पालथा घालणं.

ती हालचाल जवळून बघू. उजव्या हाताने सगळ्यात खालचा कप बुडाशी धरून खाली ओढला जातो. तो गठ्ठ्यातून सुटतो त्याच क्षणी मनगट वळायला लागतं, कपाचं तोंड करणाऱ्याच्या छातीकडे फिरतं आणि तसंच खाली जात टेबलाला लागतं. ओढणं, वळवणं, ठेवणं ही एकच वळणदार रेघ आहे, मध्ये कुठेही थांबा नाही. बॉल आत राहतो तो वेगाने नव्हे तर सलग गतीने: कप वळत असताना बॉल कपाच्या आतल्या भिंतीला टेकून खाली येतो आणि तो सुटायच्या आत कड टेबलाला लागते. नवशिक्या दोन चुका करतो. एक, बॉल पडेल या भीतीने झटका देतो. मग कप टेबलावर आपटतो आणि बॉल आत उडून ठक्‌ वाजतो. दोन, वळवताना अर्ध्यावर क्षणभर थबकतो. मग बॉल कडेवरून डोकावतो किंवा सरळ बाहेर येतो. दोन्हींवर औषध एकच. टेबलापासून कपाची उंची कमी ठेवा. गठ्ठा टेबलापासून वीतभरच वर असू द्या. हात छातीशी धरला की वळायला अंतर जास्त मिळतं आणि बॉलला पडायला वेळही.

हे साधलं तरी अर्धंच काम झालं. खरी फजिती होते ती पहिल्या आणि तिसऱ्या कपामुळे. ते रिकामे असतात म्हणून हात त्यांना निष्काळजीपणे ठेवतो, आणि मधल्याला जपून. बघणाऱ्याला गुपित माहीत नसतं, पण एक कप वेगळा वागवला गेला हे त्याच्या डोळ्यांना कळतं. म्हणून सराव उलट्या बाजूने करावा. चौथा बॉल बाजूला काढून ठेवा आणि तीन रिकामे कप वीस-वीस वेळा मांडा, मनात एक-दोन-तीन म्हणत, प्रत्येक कप त्याच तालात, त्याच उंचीवरून. तो ताल हाताला लागला की मगच बॉल घाला आणि रिकाम्या कपासारखंच करा. मोबाइल समोर न ठेवता डावीकडे खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चित्रण करावं. समोरून सगळंच बरं दिसतं, चूक बाजूने दिसते. चित्रण बघताना आवाज बंद करून एकदा आणि फक्त आवाज ऐकून एकदा, असं दोनदा तपासावं. पुष्कळदा डोळ्यांना निर्दोष वाटलेल्या कपाचा ठेवण्याचा आवाजच इतर दोघांपेक्षा जड निघतो.

यापुढचा टप्पा, म्हणजे बॉल एका हातातून दुसऱ्या हातात दिल्यासारखा दाखवून मूळ हातातच ठेवणं, पत्रकात एका चित्रात आणि दोन ओळींत उरकलं आहे. ‘उजव्या हाताच्या बोटांत बॉल लपवा आणि डावी मूठ मिटा.’ एवढंच. हे म्हणजे पोळीच्या कृतीत ‘कणीक मळा आणि लाटा’ लिहिल्यासारखं आहे. बॉल मधल्या आणि अनामिकेच्या मुळाशी बसतो, बोटं नैसर्गिकपणे वाकलेली असतात आणि अंगठा मोकळा राहतो. अंगठा आत दाबला की हात लुळा दिसतो. डावी मूठ मिटताना ती खरंच काहीतरी धरतेय अशी फुगीर राहायला हवी. रिकामी मूठ आपोआप चपटी होते. नजर डाव्या मुठीवर जावी, आणि ती मूठ सरकली की नजर तिच्याबरोबर सरकावी. उजवा हात त्या वेळी कशासाठी तरी जायला हवा, जादूची काठी उचलायला किंवा कप सरळ करायला. नुसता लोंबकळत राहिलेला हात संशय ओढवून घेतो.

सराव कसा करायचा तर दहा वेळा बॉल खरंच डाव्या हातात द्या, अकराव्यांदा खोटा द्या. खोटा देताना काही वेगळं वाटलं तर पुन्हा दहा खरे. खोट्याला खऱ्यासारखं करायचं असतं, आणि खरं कसं दिसतं हे आपल्याला स्वतःलाच माहीत नसतं, हीच यातली मोठी अडचण. आरसा इथे उपयोगाचा आहे, पण पहिले काही दिवसच. आरशात बघण्याची सवय लागली की डोळे नेमक्या चुकीच्या क्षणी वर उठायला लागतात. आणि माणसाला लपवावंसं वाटत असलं की त्याच क्षणी त्याच्या पापण्या मिटतात. चित्रणात ते दिसतं. बघणाऱ्याला ते कळत नाही असं वाटतं, पण त्याला काहीतरी खटकतंच.

शेवटचा धक्का, म्हणजे कप उचलल्यावर बॉलऐवजी तीन लिंबं निघणं, हा या खेळाचा खरा कळस. तो पत्रकात नाही. कप मात्र त्यासाठीच बनलेले आहेत, म्हणून त्यांची इथे पुरती परीक्षा घेतली. कागदी लिंबू 42 ते 45 मिमीचं घेतलं तर ते आत सुखाने मावतं, बुडाला अडत नाही आणि कप उचलला की पडतं. 50 मिमीपर्यंतचा छोटा कांदा चालतो, पण त्याची सालं आत राहतात. टेनिस बॉल तोंडाशीच घट्ट बसतो आणि कप टेबलावर आपटल्याशिवाय निघत नाही. काही जण अशी वस्तू मुद्दाम अडकवतात, म्हणजे कप उचलून ‘आत काही नाही’ असं दाखवता येतं आणि मग आपटून ती पाडता येते. या कपाचं तोंड त्या मापाचं आहे, हा त्याचा गुण. पण ते पुढचं काम आहे.

लिंबू कपात जातं कधी? बॉल दिसतो तेव्हा. उजवा हात कप उचलतो, खाली बॉल दिसतो, सगळ्यांचे डोळे बॉलवर. त्याच सेकंदाला उजवा हात कप डाव्या हातात देतो, तोंड डाव्या तळहातावर येतं, आणि त्या तळहातात लिंबू आहे. मग कप पुन्हा टेबलावर ठेवला जातो. एवढी साधी कृती आहे, आणि ती बिघडायला तीन जागा आहेत. पहिली, करणारा स्वतः कपाकडे बघतो. त्याने बॉलकडेच बघायला हवं, बोलणंही बॉलबद्दलच चालू हवं. दुसरी, लिंबू फार आधी हातात घेतलेलं असतं. खिशातून काढून वीस सेकंद धरून ठेवलेला हात ताठतो आणि अंगाला चिकटतो; तीन-चार सेकंदांत काम व्हायला हवं. म्हणून बॉल खिशात ठेवायचं एखादं निमित्त खेळातच हवं: हात बॉल ठेवायला खिशात जातो आणि लिंबू घेऊन येतो. तिसरी, आवाज. लिंबू कपात गडगडलं की तांबं वाजतं. कड टेबलाला टेकेपर्यंत करंगळी तोंडाखाली ठेवून लिंबाला आधार द्यायचा आणि टेकताना ती मागे सरकवायची. एक-दोन दिवस ठेवलेलं, किंचित मऊ पडलेलं लिंबू ताज्यापेक्षा कमी वाजतं. देठाकडचं टोक खिशाच्या कापडात अडकतं, तेव्हा ते मनगटाकडे करून खिशात ठेवावं.

खिशाची गोष्ट निघाली म्हणून: जीन्समध्ये हा खेळ करू नये. घट्ट खिशातून लिंबू काढताना जो झगडा होतो तो लपत नाही. झब्ब्याचे बाजूचे खिसे याला फार सोयीचे, खोल, रुंद, हात सरळ आत जातो आणि कुणाला विचित्र वाटत नाही. दोन्ही खिशांत लिंबं विभागून ठेवावीत. तीन लिंबं एका खिशात ठेवली की झब्बा एका बाजूला ओढला जातो.

सेटबरोबर टेबलावर अंथरायची चटई येत नाही, आणि तिच्याशिवाय हे कप अर्धे निकामी आहेत. सनमायकावर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर बॉल पळतो आणि कपाचा घंटानाद होतो. जुन्या लोकरी ब्लँकेटचा 40 बाय 60 सेंटिमीटरचा तुकडा कापून, सुरकुत्या काढून अंथरला तर बाजारातल्या महागड्या चटईची गरज नाही. योगा मॅट चालत नाही. रबर कपाची कड धरून ठेवतं आणि कप सरकवायचा असेल तिथे अडतो. टेबल उभं राहून करणाऱ्याच्या कमरेइतकं उंच हवं. टीपॉयवर वाकून केलं की खांदे पुढे येतात, हात झाकले जातात आणि करणाराच चोरटा दिसतो.

लोकांना कुठे बसवायचं हेही आधी ठरवावं. मुलं जमिनीवर मांडी घालून आणि करणारा टेबलामागे उभा, ही घरच्या वाढदिवसातली ठरलेली मांडणी या खेळाला घातक आहे. मुलांचे डोळे टेबलाच्या कडेच्या खाली, म्हणजे कप वळवताना त्याचं तोंड आणि हाताची आतली बाजू थेट त्यांच्यासमोर. एकतर मुलांना खुर्च्यांवर बसवा, नाहीतर स्वतः खाली बसा. मागे कुणी नको, आणि दोन्ही बाजूंना फार वळलेलं कुणी नको. जादू म्हटलं की आपल्याकडे जादूगार रघुवीर यांच्यासारखे रंगमंचावरचे मोठे प्रयोग आठवतात, जिथे प्रेक्षक एकाच बाजूला आणि दूर असतात. इथे ते दोन हातांवर असतात, आणि तेवढ्या अंतराचं सगळं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

खाली बसून करायचं असेल तर एक गोष्ट समजून घ्यावी: हे कप त्यासाठी केलेले नाहीत. आपल्याकडचे रस्त्यावरचे खेळ करणारे जे वापरतात ते बसके, घंटेच्या आकाराचे, वर शेंडी असलेले असतात. शेंडी दोन बोटांत धरली की बाकीची बोटं खाली मोकळी राहतात, आणि कप टेकवतानाच त्याच हाताची बोटं गोळी आत सारतात. गोळ्या कापडाच्या, झोळी मांडीशेजारी, उकिडवं बसणं. त्या पद्धतीत शरीराची प्रत्येक गोष्ट कामाला लागलेली असते. ती अतिशय देखणी आणि अवघड पद्धत आहे. तांब्याचे उंच कप त्यात वापरायला गेलं तर तोंड उंच राहतं आणि बोटं पोचत नाहीत. ज्याला तीच पद्धत शिकायची आहे त्याने हा सेट घेऊ नये, शेंडीचे कप शोधावेत.

बोलण्याबद्दल पत्रक एक शब्द बोलत नाही. कप अँड बॉल्स गप्प बसून करता येतो, पण नवशिक्याने करू नये. बोलणं लोकांची नजर हलवतं आणि करणाऱ्याचा श्वास सुरळीत ठेवतं. त्यासाठी फार मोठी गोष्ट लागत नाही. तीन कप म्हणजे तीन घरं, तीन बॉल म्हणजे तीन पाहुणे, एवढ्यावरही खेळ चालतो, पण वाक्यं ठरलेली हवीत आणि कुठल्या वाक्याला कुठली हालचाल हे लिहून काढलेलं हवं. प्रश्न विचारला की लोक वर चेहऱ्याकडे बघतात. म्हणून अवघड हालचाल ज्या वाक्यावर आहे ते वाक्य प्रश्नाचं असावं, आणि प्रश्न खरा असावा, उत्तराची वाट बघणारा. ‘आता हे कुठे आहे?’ हा प्रश्न मात्र टाळावा. त्याने बघणारा शोधायला लागतो आणि खेळ परीक्षेचा होतो.

कुणी घ्यावा हा सेट? ज्याने अजून एकदाही हा खेळ केलेला नाही त्याने आधी चहाचे तीन मोठे कागदी कप घ्यावेत आणि टिश्यू पेपरच्या चार छोट्या गोळ्या कराव्यात. कागदी कपाचं बूड आत दबलेलं असतं आणि ते एकमेकांत घातले तरी थोडी फट राहते, त्यामुळे वरचा पहिला खेळ त्यांवर पूर्ण होतो. घरातले स्टीलचे पेले चालत नाहीत. ते एकमेकांत पार बसतात आणि बूड सपाट असतं. कागदी कपांवर तीन आठवडे केलं आणि अजून करावंसं वाटतंय, तर तांब्याचे कप घ्यावेत. मधली पायरी म्हणून प्लास्टिकचा किट किंवा ॲल्युमिनियमचा सेट घेण्यात पैसे घालू नयेत: किटच्या कपात लिंबू मावत नाही आणि ॲल्युमिनियम हाताला चुकीच्या वजनाची सवय लावतं. चुंबकाचा एकच कप, ज्याला चॉप कप म्हणतात, तो विक्रेते हमखास सोबत सुचवतील. त्याचा खेळ छान आहे, पण वेगळा आहे. चार बॉल हाताळता येईपर्यंत तो थांबू शकतो.

विक्रेत्याला मागवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: बॉल किती मिमीचे, कप एकात एक घातल्यावर दोन बुडांमध्ये फट किती, आणि वजन किती. ज्याला ही उत्तरं देता येत नाहीत त्याच्याकडून ऑनलाइन घेऊ नये; दुकानात जाऊन, खिशात एक लिंबू घेऊन, कपात घालून बघून घ्यावं.